जास्त वजन आणि भूल: ही भीती आली कुठून आणि कमी कशी झाली

वजन खूप जास्त असलेल्या माणसाला ऑपरेशन सांगितलं की घरातला पहिला प्रश्न ऑपरेशनचा नसतोच, "भूल झेपेल ना?" हा असतो. आणि हा प्रश्न खुळचट अजिबात नाहीये, त्याच्या मागे बराच मोठा इतिहास आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

१८४६ मध्ये बॉस्टनला मॉर्टन या दंतवैद्याने भुलेसाठी ईथर देऊन दाखवलं, पुढच्या वर्षी एडिनबराला सिम्पसन या डॉक्टरने क्लोरोफॉर्म आणलं आणि १८४८ च्या जानेवारीतच हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म दिल्यावर दगावली, पायाच्या नखाचं साधं ऑपरेशन होतं. म्हणजे भुलेचा धोका पहिल्यापासून सगळ्यांनाच होता, सडपातळ तब्येतीलाही. पण जाड पेशंटची अडचण निराळी होती आणि ती नेमकी काय हे कळायला शंभराच्या वर वर्षं गेली. तोवर पेशंटला एवढंच ऐकायला मिळायचं की आधी वजन कमी करा मग बघू. अपेंडिक्स फुटलेल्या माणसाला या सल्ल्याचा काय उपयोग?

मोजमापापासूनच गंमत आहे. उंचीच्या वर्गाने वजनाला भागायचं हा हिशोब क्वेटलेट या बेल्जियन गणितज्ञाचा, १८३२ चा, आणि तो काही आजार शोधायला नव्हता, माणसांची सरासरी काढायला होता. त्याला बीएमआय हे नाव १९७२ मध्ये ॲन्सेल कीज यांनी दिलं. ४० च्या वर गेला की तीव्र स्थूलता म्हणतात. पण भूलतज्ज्ञाला हा आकडा अपुरा पडतो कारण चरबी किती यापेक्षा ती कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं, मांड्यांवरची चरबी श्वास अडवत नाही, मानेभोवतीची आणि पोटातली अडवते. २००२ मध्ये ब्रॉडस्की आणि सहकाऱ्यांनी तीव्र स्थूलतेच्या १०० पेशंटचा अभ्यास मांडला त्यात हेच दिसलं, भुलेत श्वास चालू ठेवायला श्वासनलिकेत जी नळी घालतात ती घालायला त्रास होईल का याचा अंदाज बीएमआयवरून येत नव्हता, मानेच्या घेरावरून येत होता.

आता मूळ मुद्दा, श्वास. भूल दिली, स्नायू ढिले पडले, की नळी बसेपर्यंत पेशंट स्वतः श्वास घेत नसतो, तेवढा वेळ फुप्फुसात साठलेल्या ऑक्सिजनवर काढायचा असतो. पोट मोठं असेल तर उताणं झोपवल्यावर ते श्वासपटलाला वर ढकलतं, फुप्फुसातली शिल्लक जागा कमी होते, आणि शरीर मोठं म्हणून ऑक्सिजन खर्चही जास्त होतो. साठा कमी आणि खर्च जास्त, असा दुहेरी मार. १९९१ च्या एका अभ्यासात हे घड्याळ लावून मोजलं, आधी ऑक्सिजन भरून घेतल्यावर श्वास थांबला तर रक्तातला ऑक्सिजन ९० टक्क्यांवर यायला साधारण वजनाच्या लोकांना ३६४ सेकंद लागले आणि तीव्र स्थूल लोकांना १६३. सहा मिनिटं कुठे आणि पावणेतीन कुठे! नळी पहिल्या झटक्यात गेली नाही तर ही मधली तीन मिनिटंच सगळं ठरवतात.

यावरचा एक मोठा उपाय इतका साधा आहे की तो एवढ्या उशिरा सगळीकडे पोचला याचं मला खरंच वाईट वाटतं. पेशंटला सपाट झोपवायचं नाही, बस. डोक्या-खांद्याखाली चादरी, उश्या रचून उतार करायचा, कानाचं भोक आणि छातीच्या हाडाचा वरचा खळगा एका रेषेत आला पाहिजे, मग नळी घालताना आतलं नीट दिसतं आणि श्वासही मोकळा होतो. २००५ च्या अभ्यासात नुसतं २५ अंश उंच करून ऑक्सिजन दिला तर सुरक्षित वेळ सरासरी १५५ वरून २०१ सेकंदांवर गेला. ना नवं औषध ना महागडं मशीन. त्याआधी १९७९ मध्ये अमेरिकेतून दोन केसेस छापून आल्या होत्या, अतिशय स्थूल पेशंटना नुसतं उताणं झोपवल्यावर हृदय बंद पडलेलं, म्हणजे सपाट झोपवणं धोक्याचं हे तेव्हाच समोर होतं.

दुसरा धागा झोपेचा. १९५६ मध्ये बरवेल आणि सहकाऱ्यांनी एका स्थूल पेशंटचं वर्णन केलं, पत्ते खेळताना हातात जिंकायची पानं असूनही तो झोपून गेला. त्या आजाराला एका कादंबरीवरून पिकविकियन सिंड्रोम असं नाव पडलं, आजारी माणसाला असं विनोदी पात्र करणं मला तरी पटत नाही, आता ओबेसिटी हायपोव्हेंटिलेशन (म्हणजे स्थूलतेमुळे श्वास अपुरा पडणं) म्हणतात ते बरं आहे. झोपेत घसा मिटून श्वास थांबणं म्हणजे स्लीप ॲप्निया, यावर १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी सीपॅप मशीन दाखवलं, ते मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. भुलेच्या दृष्टीने धोका ऑपरेशननंतर वॉर्डात असतो, मॉर्फिनसारखी औषधं चालू, रात्र झालेली, कुणाचं लक्ष नाही आणि आधीच मिटणारा घसा. म्हणून टोरांटोच्या फ्रान्सेस चुंग यांच्या टीमने २००८ मध्ये स्टॉप-बँग ही आठ प्रश्नांची यादी काढली, घोरता का, दिवसा थकवा येतो का, बीपी आहे का वगैरे. "डॉक्टर, हे घोरतात हो" असं सांगताना लाजू नका, ती खरी माहिती आहे.

औषधांचंही तसंच. चरबीला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे पूर्ण वजनावर डोस काढला तर काही औषधं जास्त होतात, झोपवायचं प्रोपोफॉल चरबी सोडून उरलेल्या वजनावर काढतात, स्नायू ढिले करणारं सक्सामेथोनियम मात्र पूर्ण वजनावर. हे कोष्टक बसायला बराच काळ गेला.

वळण आणलं बेरिॲट्रिक सर्जरीने, म्हणजे वजन कमी करायच्या ऑपरेशनांनी. १९६६ मध्ये आयोवात एडवर्ड मेसन यांनी गॅस्ट्रिक बायपास (जठराचा मोठा भाग वगळून अन्नाला वेगळी वाट करून देणं) सुरू केला आणि पुढे ही ऑपरेशनं वाढली तसे असे पेशंट रोजचे झाले, टीमला सराव झाला, मोठं वजन पेलणारी टेबलं आली. त्यात जपानच्या ताकुओ आओयागींनी १९७४ मध्ये मांडलेल्या तत्त्वावरचं बोटाचं ऑक्सिमीटर हाताशी होतं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या ४,७७६ पेशंटचा अभ्यास आला, पहिल्या बेरिॲट्रिक ऑपरेशननंतर ३० दिवसांत मृत्यू ०.३ टक्के. पण २०११ च्या ब्रिटनमधल्या पाहणीत श्वासमार्गाच्या गंभीर अडचणींमध्ये स्थूल पेशंटचं प्रमाण एकूण लोकसंख्येतल्यापेक्षा दुप्पट निघालं, तीव्र स्थूलांचं चौपट. सराव असलेल्या जागी आकडे चांगले, बाकी ठिकाणी नाहीत, मला तरी या दोन आकड्यांचा अर्थ हाच लागतो.

ताजा विषय आहे तो वजन कमी करायच्या इंजेक्शनांचा, सेमाग्लुटाइड वगैरे. ती पोट उशिरा रिकामं करतात आणि पोटातलं फुप्फुसात जाणं ही भीती मेंडेल्सन या अमेरिकन प्रसूतितज्ज्ञांच्या १९४६ च्या निबंधापासूनची. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने आठवड्याचं इंजेक्शन ऑपरेशनच्या आधी आठवडाभर थांबवायला सांगितलं, २०२४ मध्ये नवीन सल्ला आला की बहुतेकांनी चालू ठेवलं तरी चालेल, धोका जास्त असेल तर आदल्या दिवशी फक्त पातळ आहार. स्वतःच्या मनाने मात्र बंदही करू नका आणि लपवूही नका, शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ती तारीख लिहून भूलतज्ज्ञाच्या हातात द्या.