कॅरमच्या अण्णांचा चेंडू कडेलाच का रेंगाळला?

परभणीत आमच्या नगरात दरवर्षी २६ जानेवारीच्या आठवड्यात क्रीडा महोत्सव भरतो. कबड्डी, खो-खो, कॅरम, बायकांची रस्सीखेच, साठीपुढच्यांसाठी चालण्याची शर्यत. यंदा कॉलेजातल्या पोरांनी हट्ट धरून त्यात मिनीगोल्फ घातला, म्हणजे काठीनं चेंडू ढकलत कमीत कमी फटक्यांत भोकात घालायचा खेळ. सुतारानं प्लायवूडचे नऊ पट्टे केले, जमिनीपासून वीतभर उंच. मंडपवाल्याकडचं हिरवं मॅटिंग त्यावर ताणून चिकटवलं, दोन्ही अंगांना लाकडी पट्टीची कड ठोकली आणि भोकात चार इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा बसवला. हा पाइप बाहेरून ११० मिलिमीटर भरतो. मोठ्या गोल्फच्या मैदानावरचं भोक १०८ मिलिमीटरचं असतं, तेव्हा माप चांगलंच जमून आलं.

पाचव्या पट्ट्यावर भोकासमोर दोन विटा उभ्या केल्या होत्या. सरळ मारायची सोयच नाही. डाव्या कडेवर चेंडू आपटायचा आणि तिरका परत आणून भोकात घालायचा. तिथं आमचे अण्णा आले. अण्णा म्हणजे नगराचे कॅरमचे राजे. कडेवर सोंगटी मारून पलीकडच्या कोपऱ्यात घालणं त्यांना डोळे मिटूनही जमेल. त्यांनी विटांकडं बघितलं, कडेकडं बघितलं आणि म्हणाले, "हे तर कॅरमच की रे!" वाकून नेम धरला आणि मारलं. चेंडू कडेवर अगदी धरलेल्या जागी लागला, पण पट्ट्याच्या मध्याकडं यायचं सोडून कडेकडेनंच पुढं निघून गेला. दुसऱ्यांदा तेच. सहा फटके झाले तरी भोक दूरच. या खेळात एका पट्ट्याला जास्तीत जास्त सहा फटके मिळतात. सहाव्यालाही चेंडू भोकात गेला नाही तर दंडाचा एक धरून ७ लिहितात. अण्णांच्या नावापुढं ७ लिहिले गेले.

"असा कामून जायलाय सर हा?" त्यांनी मला विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत मागून कुणीतरी म्हणालं, "अण्णाला नजर लागली." दुपारपर्यंत पाचव्या पट्ट्याच्या बांबूला लिंबू-मिरची टांगलेली होती.

मी बावीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवतोय. अण्णांच्या प्रश्नाइतका सुंदर प्रश्न मला वर्गात क्वचितच कुणी विचारला असेल. म्हणून हा लेख.

आधी खेळाबद्दल थोडं. मिनीगोल्फ म्हणजे मॉलमधला पोरांचा टाइमपास अशी आपल्याकडं समजूत आहे. प्रत्यक्षात त्याचा जागतिक महासंघ आहे आणि विश्वविजेतेपदाच्या स्पर्धा होतात. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज इथं बायकांनी नुसत्या पटिंगचा, म्हणजे चेंडू जमिनीलगत ढकलत भोकात घालण्याचा, क्लब काढला तो १८६७ मध्ये. ठरावीक मापांचे पट्टे ही कल्पना स्वित्झर्लंडमधली. पॉल बोंग्नी यांनी आखलेलं मैदान १९५४ मध्ये आस्कोना इथं सुरू झालं. त्या धाटणीचे काँक्रीटचे पट्टे १२ मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद असतात. दुसऱ्या एका प्रकारातले पट्टे ६.२५ मीटर लांब आणि फक्त ९० सेंटिमीटर रुंद. पट्टे अठरा, आणि प्रत्येक पट्टा एका फटक्यात संपवायचा म्हणजे १८ फटक्यांत डाव पुरा, हे खेळाडूचं स्वप्न.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही, कारण ती आपल्या कापसाची आहे. १९२० च्या दशकात टॉमस फेअरबर्न नावाच्या गोल्फवेड्या माणसाला बारमाही टिकेल असा सपाट पृष्ठभाग हवा होता, कारण गवत कोरड्या हवेत धरत नव्हतं. त्यानं सरकीची टरफलं, वाळू, तेल आणि रंग एकत्र करून दाबून बसवलं, आणि त्यावर चेंडू छान गडगडू लागला. अमेरिकेत पुढं मिनीगोल्फची जी लाट आली तिच्या पायाखाली अशी सरकी होती. आपल्याकडं जिनिंगच्या आवारात सरकीचे ढीग बघत मोठे झालेल्यांना हे ठाऊक असायला हवं.

आता अण्णांचा प्रश्न.

कॅरमची सोंगटी घसरते. आपण पावडर टाकतो ती त्यासाठीच. सोंगटी कडेवर आपटते, थोडा जोर गमावते आणि परत घसरत निघते. मिनीगोल्फचा चेंडू मात्र घसरत नाही, गडगडतो. एवढाच फरक, पण अण्णांचा सगळा हिशोब त्यानं उलटवला.

चेंडू गडगडतो तेव्हा त्याच्याकडं दोन गोष्टी असतात. एक म्हणजे पुढं जायची गती आणि दुसरी म्हणजे स्वतःभोवतीची फिरकी. या दोन्हींचा मेळ बसलेला असतो. चेंडूचा मध्य सेकंदाला ७० सेंटिमीटर पुढं जात असेल तर त्याचा परिघही सेकंदाला ७० सेंटिमीटर याच वेगानं फिरत असतो. बैलगाडीचं चाक रस्त्यावर न घसरता चालतं तसंच.

हा चेंडू आता कडेवर समोरून आदळू द्या. कड त्याला परत ढकलते. किती जोरानं, ते चेंडूच्या रबरावर आणि कडेच्या लाकडावर ठरतं. आलेल्या वेगाचा जेवढा भाग परत मिळतो त्याला भौतिकशास्त्रात कोइफिशंट ऑफ रेस्टिट्यूशन म्हणतात. आपण 'उसळीचा आकडा' म्हणू. तो ०.८ असेल तर ७० नं आलेला चेंडू ५६ नं परत फिरेल. कॅरमवाल्याचा अनुभव इथं संपतो, कारण त्याची सोंगटी याच वेगानं निघून जाते.

पण फिरकीचं काय झालं? कडेनं चेंडूला मध्याच्या उंचीवर, सरळ मागं ढकललं. असा धक्का चेंडूची दिशा बदलतो, फिरकी बदलत नाही. म्हणजे चेंडू आता ५६ नं मागं चाललाय आणि फिरतोय मात्र अजून ७० नं पुढच्याच बाजूला! रिव्हर्स गिअरमध्ये मागं जाणाऱ्या गाडीची चाकं पुढं फिरत असावीत तसं हे भांडण आहे. ते मिटवतं खालचं मॅटिंग. चेंडूचा तळ मॅटिंगवर घासतो, घर्षण मागं जायच्या गतीला अडवतं, फिरकीलाही अडवतं, आणि वीतभर अंतराच्या आत दोघांचा पुन्हा मेळ बसतो.

मेळ कुठं बसतो याचा हिशोब मला फार आवडतो. भरीव गोल चेंडूच्या बाबतीत गतीचे पाच वाटे आणि फिरकीचे दोन वाटे धरायचे आणि सातानं भागायचं. (हे पाच आणि दोन चेंडूचं वस्तुमान मध्याभोवती कसं पसरलंय त्यावरून येतात. पोकळ चेंडू घेतला तर पाच आणि दोनऐवजी तीन आणि दोन येतील आणि पाचानं भागावं लागेल.) आपल्या चेंडूसाठी पाच गुणिले ५६ म्हणजे २८०, त्यातून उलट्या फिरकीचे दोन गुणिले ७० म्हणजे १४० वजा, उरले १४०, भागिले सात. उत्तर आलं २०.

थांबून बघा. ७० नं गेलेला चेंडू ५६ नं उसळला आणि वीतभर जाईपर्यंत २० वर आला. कडेनं वेगाचा पाचवा भागच खाल्ला होता. बाकीचा घास चेंडूच्या स्वतःच्या फिरकीनं घेतला.

उसळीचा आकडा ०.६ घ्या. ४२ नं उसळेल, शेवटी उरतील १०. आणि ०.४ घ्या. २८ नं उसळेल, पाच गुणिले २८ म्हणजे १४०, वजा १४०. शून्य! चेंडू कडेवर आपटून जरासा मागं येतो आणि तिथंच थबकतो. हे मी पोरांना पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा एकानं चेंडू उचलून त्याला डिंक तर लावला नाही ना, ते तपासलं होतं.

आता अण्णांच्या तिरक्या फटक्याकडं या. तिरक्या चालीचे दोन भाग पाडायचे, एक कडेकडं जाणारा, दुसरा कडेला समांतर. ४५ अंशांत मारलं तर दोन्ही भाग सारखे, समजा ७०-७०. समांतर भागाला कडेचं काही देणंघेणं नाही. तो भाग तसाच, त्याची फिरकीही तशीच. कडेकडं जाणारा भाग मात्र वर बघितलं तसा ७० वरून ५६ आणि मग २० वर. कॅरमच्या हिशोबानं चेंडू समांतर ७० जाताना कडेपासून ५६ दूर यायला हवा. गडगडणारा चेंडू समांतर ७० जाताना जेमतेम २० दूर येतो. अण्णांचा नेम अचूक होता. चेंडू कडेवरून निघालाही त्यांच्याच कोनात, पण पहिल्या वीतभरात हळूच वाकून कडेला बिलगला. डोळा जमिनीलगत नेऊन बघितलं तर हे वळण चक्क दिसतं. मी पोटावर झोपून बघितलं, अण्णांनाही बघायला लावलं.

खऱ्या पट्ट्यावर हिशोब इतका स्वच्छ नसतो, हे खरं. चेंडूचा पुढचा भाग खालच्या दिशेनं फिरत असतो, तो कडेच्या लाकडाला घासतो, त्यात थोडी फिरकी खर्च होते आणि चेंडूला वर हिसका बसतो. जोरात मारलेला चेंडू कडेवर आदळून टुणकन उडतो तो यामुळं. बिलियर्ड्सच्या टेबलावर कडेचं रबर चेंडूच्या निम्म्या उंचीपेक्षा वर ठेवतात, म्हणजे धक्का मध्याच्या वर बसून फिरकीही उलटते. मिनीगोल्फच्या सपाट कडेला ती सोय नाही.

दुसऱ्या दिवशी आणखी एक तक्रार आली. सकाळी साडेसातच्या फेरीत जो फटका कमी पडत होता तोच दुपारी एकच्या फेरीत बरोबर बसू लागला. एका काकांचं म्हणणं, सकाळी खेळणाऱ्याचं तोंड दक्षिणेकडं होतं, पट्टा ईशान्येला फिरवा. पट्टा फिरवायला आठ माणसं लागली असती. मी एक मीटरची लाकडी पट्टी मागवली. रात्रभर उघड्यावर राहिलेला चेंडू मीटरभर उंचीवरून काकांच्या हातानंच फरशीवर सोडायला लावला, उसळीची खूण केली. मग तोच चेंडू उन्हात तासभर ठेवून पुन्हा सोडला. खूण चार बोटं वर गेली. दोन्ही वेळेला काकांचं तोंड दक्षिणेकडंच होतं.

परभणीची थंडी मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. जानेवारीत पहाटे स्वेटरवर शाल लागते आणि दुपारी त्याच मैदानावर सावली शोधावी लागते. रबराला हा फरक कळतो. रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता. चेंडू आपटून चपटा होतो तेव्हा या साखळ्या ताणल्या जातात आणि उष्णतेनं होणारी त्यांची वळवळ त्यांना पुन्हा गुंत्यात ओढते. ही ओढ म्हणजेच उसळी. साधा रबरबँड झटकन ताणून लगेच ओठांना लावा, तो कोमट लागेल. सैल सोडून पुन्हा लावा, गार लागेल. उष्णता आणि रबराची ओढ यांचं नातं ओठांनाही कळतं. थंडीत साखळ्या सुस्तावतात, एकमेकींवर घासत उशिरा परततात, आणि दिलेल्या ऊर्जेतली जास्त ऊर्जा आतल्या आत उष्णता होऊन जाते. स्क्वॉशचे खेळाडू सामन्याआधी चेंडू भिंतीवर मारून गरम करतात तो याचसाठी.

थंड रबराच्या सुस्तीनं माणसांचे जीवही घेतले आहेत. २८ जानेवारी १९८६ च्या थंड सकाळी अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान सुटलं, त्याच्या रॉकेटच्या सांध्यातलं रबरी कडं थंडीनं सुस्तावलं आणि सात अंतराळवीर गेले. चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी तसल्या कड्याचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला. दाब काढल्यावरही तो लवकर पूर्ववत होत नव्हता. एक ग्लास पाणी, एक चिमटा, एवढ्यावर त्यांनी सगळ्या देशाला समजावलं.

आपल्या पट्ट्यावर थंडीचा परिणाम फिरकीमुळं आणखी वाढतो. उसळीचा आकडा ०.८ वरून ०.७ वर आला तर ५६ चे ४९ होतात, म्हणजे आठवा भाग कमी. शेवटी उरणारा वेग मात्र २० वरून १५ वर येतो, चौथा भाग कमी. स्पर्धेत उतरणारे खेळाडू म्हणूनच पेटीभर चेंडू बाळगतात. चेंडूचा व्यास ३७ ते ४३ मिलिमीटरमध्ये हवा, पण कुणी मऊ, कुणी कडक, कुणी उसळणारा, कुणी मुर्दाड. ऊन-थंडी बघून ते चेंडू निवडतात, खिशात धरून ऊबदार ठेवतात किंवा गार पिशवीत ठेवतात.

यावर कुणी म्हणेल, लिंबू-मिरचीनं कुणाचं काय बिघडतं? माझ्या मते बिघडतं. नजर लागली म्हटलं की प्रश्न तिथंच संपतो. मग कुणी पट्टी मागवत नाही, पोटावर झोपून चेंडू बघत नाही. आणि ज्या माणसाचा नेम अचूक होता तो उगाच स्वतःला कमनशिबी समजून घरी जातो.

अण्णा घरी गेले नाहीत. शेवटच्या दिवशी सकाळी सातला ते मैदानावर आले. चेंडू रात्रभर घरात ठेवला होता, येताना स्वेटरच्या आतल्या खिशात. पाचव्या पट्ट्यावर त्यांनी कॅरमच्या कोनापेक्षा कडेवर कितीतरी अलीकडं नेम धरला आणि कडेकडं जवळजवळ सरळच मारलं. पहिला फटका भोकाच्या काठाला घासून गेला. दुसऱ्याला चेंडू कडेवर लागला, वाकला आणि पाइपात खडखडला. लिहिणाऱ्या पोरानं ७ च्या शेजारच्या रकान्यात २ लिहिले. अण्णांनी चेंडू काढून पुन्हा खिशात टाकला आणि सहाव्या पट्ट्याकडं निघाले.