बहुवारिक नमुन्यांची सिद्धता

प्लॅस्टिक, रबर किंवा कृत्रिम तंतू अशा बहुवारिकांच्या (लहान रेणू जोडून झालेल्या लांब साखळ्यांच्या पदार्थांच्या) विश्लेषणापूर्वी सबंध मालाचे प्रतिनिधित्व करील असा एकजिनसी नमुना तयार करण्याची प्रक्रिया. प्रत्यक्ष चाचणीला माल फार थोडा लागतो. औष्णिक चाचण्यांत तो बहुधा 5 ते 10 मिग्रॅ. असतो. रंगद्रव्ये व ज्वालारोधके मात्र मालात सारखी पसरलेली असतीलच असे नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर झी यांच्या नमुना-सिद्धांतानुसार (मूळ मांडणी खनिजांसाठी, 1950 च्या दशकापासून) मूलभूत त्रुटीचे (कण एकसारखे नसल्याने नमुना घेताना होणाऱ्या चुकीचे) प्रचरण, म्हणजे तिच्या विखुरलेपणाचे माप, कणव्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे 2 मिमी.चे कण 0.5 मिमी. केल्यास, इतर बाबी समान असता, ते 64 पटींनी घटते.

साध्या गिरणीत प्लॅस्टिक तापून चिकटते व त्यातील बाष्पनशील घटक उडून जातात. म्हणून नमुना द्रवरूप नायट्रोजनने (उकळबिंदू −196° से.) गोठवून, ठिसूळ करून दळतात. ठिसूळपणाचा संबंध काच-संक्रमण तापमानाशी (ज्याखाली बहुवारिक काचेसारखे कडक होते त्या तापमानाशी) जोडला जातो. पॉलिस्टायरिनसाठी ते सुमारे 100° से. आहे, पॉलिएथिलिनाबाबत मात्र मतभेद आहेत. −30°, −80° व −125° से. या तिन्ही मूल्यांच्या आसपासची संक्रमणे नोंदली गेली असून त्यांतील खरे काच-संक्रमण कोणते, हा वाद स्फटिकी भागामुळे अधिकच गुंतागुंतीचा झाला आहे. शुष्क बर्फाच्या तापमानालाही (−78.5° से.) हे प्लॅस्टिक बरेचसे चिवट राहते, हे पाहता सर्वांत खालचे मूल्य अधिक ग्राह्य वाटते. द्रवरूप नायट्रोजनचे तापमान या तिन्हींहून खाली असल्याने तो वापरल्यास हा प्रश्न व्यवहारात उरत नाही.

दळण्याने नमुना बदलूही शकतो. गोळ्यांच्या गिरणीत पॉलिस्टायरिनाच्या साखळ्या तुटून रेणुभार घटतो, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी 1930 च्या दशकातच दाखवले होते. त्यामुळे रेणुभार मोजायचा असल्यास दळण बेताचेच ठेवावे. लेशमात्र धातू मोजायचे असल्यास गिरणीचे साहित्यही पाहावे लागते : पोलादातून लोह व क्रोमियम, तर टंगस्टन कार्बाइडातून बहुधा कोबाल्ट नमुन्यात उतरते. दळलेल्या नमुन्याची गोठलेली कुपी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडतात. एरवी हवेतील बाष्प चूर्णावर साचते.

क्ष-किरण अनुस्फुरणासाठी (क्ष-किरण पाडल्यावर नमुन्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्ये ओळखण्याच्या पद्धतीसाठी) चूर्ण उष्ण दाबयंत्रात दाबून चकत्या करतात. प्लॅस्टिकमध्ये क्ष-किरण खोलवर शिरत असल्याने प्रमाण नमुन्याची (तुलनेसाठी घेतलेल्या ज्ञात घटकांच्या नमुन्याची) व चाचणीच्या नमुन्याची जाडी सारखी ठेवतात किंवा गणितात तशी दुरुस्ती करतात.