रंग उडवलेला फोटो आणि ब्लॅक अँड व्हाइट फोटो

पंचशील ध्वजाचा एखादा फोटो संगणकावर उघडा. नागपूरकराकडे तो नसेल असं होणार नाही. दीक्षाभूमीच्या वाटेवर हा ध्वज हमखास दिसतो. निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि नारिंगी, असे त्याचे पट्टे. आता फोटोशॉपमध्ये ‘डीसॅच्युरेट’ची आज्ञा द्या. पांढरा पट्टा पांढराच राहतो आणि बाकीचे चार जवळजवळ एकसारखे राखाडी होऊन एकमेकांत मिसळतात. आता मूळ फोटोवर परत या आणि ‘ब्लॅक अँड व्हाइट’ ही अ‍ॅडजस्टमेंट लावा. पिवळा उजळ येतो, नारिंगी त्याच्याखाली, लाल आणखी खाली आणि निळा सगळ्यांत गडद. पट्टे पुन्हा मोजता येतात.

रंग दोन्हीकडे गेले, म्हणून दोन्हींना आपण एकाच नावाने ओळखतो. पण पहिल्यात रंग नुसता पुसला जातो. दुसऱ्यात प्रत्येक रंगाला किती उजेड द्यायचा, हे कुणीतरी ठरवलेलं असतं.

हे का होतं ते आकड्यांतच पाहू. डिजिटल फोटोच्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, 0 ते 255 मधले. फोटोशॉपचं डीसॅच्युरेट या तिघांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा घेऊन त्यांचा मध्य काढतं. शुद्ध लाल म्हणजे 255, 0, 0. शुद्ध पिवळा 255, 255, 0. नारिंगी साधारण 255, 128, 0 आणि निळा 0, 0, 255. चौघांतही मोठा आकडा 255 आणि लहान 0, म्हणून चौघांचंही उत्तर 128 च्या आसपास. खऱ्या कापडाचे रंग इतके शुद्ध नसतात, त्यामुळे थोडा फरक उरतो, पण डोळ्यात भरेल एवढा नाही.

आपला डोळा असा मध्य काढत नाही. त्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो, निळा सर्वांत मंद. टीव्हीच्या जुन्या मानकात म्हणूनच लालला 0.299, हिरव्याला 0.587 आणि निळ्याला 0.114 असं वजन दिलं होतं. त्या हिशेबाने पिवळा 226 वर जातो, नारिंगी 151, लाल 76 आणि निळा 29. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये डीसॅच्युरेट करताना यांपैकी कोणती पद्धत हवी ते निवडता येतं. बऱ्याच अ‍ॅपमध्ये ती निवड आपल्याला न विचारताच झालेली असते.

मात्र डोळ्याचा हिशेब लावला की काम झालं, असंही नाही. इथे आपली संत्रीच आडवी येतात. समजा, पिकलेल्या संत्र्याच्या सालीचे आकडे 220, 120, 20 आहेत आणि त्यामागच्या उन्हातल्या पानाचे 120, 170, 40. वरच्या वजनाने साल येते 138 आणि पान येतं 140. झाडावर लांबून नजरेत भरणारं फळ फोटोत पानांमध्ये गडप! आता नुसता लाल चॅनल, म्हणजे तीन आकड्यांतला फक्त लालचा, घ्या: साल 220, पान 120. गडद पानांवर उजळ फळ. नुसता हिरवा घेतला तर उलट, साल 120 आणि पान 170. झाड तेच, ऊन तेच, पण चित्रं दोन. यातलं कोणतं हवं, हे कोणतंही बटण तुमच्यासाठी ठरवू शकत नाही. ब्लॅक अँड व्हाइट फोटोग्राफीचा खरा आनंद मला इथेच वाटतो.

फिल्मच्या काळात हे काम लेन्सवर लावायच्या पिवळ्या, नारिंगी आणि लाल काचा करत. डिजिटल कॅमेऱ्याच्या मोनोक्रोम मोडमध्ये ‘फिल्टर इफेक्ट’ म्हणून पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा असे पर्याय असतात, ते त्याच काचांचे वारस. म्हणजे हा मोड नुसता रंग पुसत नाही, तो दुसऱ्या प्रकारात मोडतो. मोबाइलवर स्नॅपसीडच्या ब्लॅक अँड व्हाइटमध्येही असे रंगीत फिल्टर आहेत. खरी लाल काच मात्र साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावू नका. सेन्सरच्या ठिपक्यांवर रंगीत गाळण्यांची जाळी बसवण्याच्या ब्राइस बायर यांच्या रचनेचं पेटंट 1976 चं आहे आणि आजही बहुतेक सेन्सरांवर तीच जाळी असते: निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. लाल काच लावली की मुख्यतः ते पाव ठिपकेच कामाला उरतात. 2012 मध्ये आलेल्या लायका एम मोनोक्रोम या कॅमेऱ्यात ही जाळीच नाही. तिथे काच हवीच, कारण फोटो काढल्यावर रंगांचं गणित बदलायला रंगच नोंदलेले नसतात.

माझा आग्रह एवढाच की मोड मोनोक्रोम ठेवा, पण फाइल रॉ (सेन्सरने नोंदलेली कच्ची माहिती) अधिक जेपेग अशी घ्या. स्क्रीनवर ब्लॅक अँड व्हाइट दिसत राहतं, नजर त्यात विचार करायला लागते आणि रॉमध्ये सगळे रंग शाबूत राहतात. एक काळजी घ्या: या मोडमधला हिस्टोग्रॅम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, त्या ब्लॅक अँड व्हाइट चित्राचा असतो. लाल फेटा भर उन्हात असेल, तर त्याचा लाल चॅनल 255 ला थडकून सुरकुत्या पुसल्या गेल्या तरी हिस्टोग्रॅम निवांत दिसू शकतो. अशा वेळी एक्स्पोजर थोडं कमी ठेवलेलं बरं.

दीक्षाभूमीचा पांढरा घुमट आणि पावसाळ्यानंतरचं निळंशार आकाश, ही ‘ब्लॅक अँड व्हाइट’ अ‍ॅडजस्टमेंटमधल्या निळ्या स्लायडरची, म्हणजे निळा किती उजळ ठेवायचा ते ठरवणाऱ्या सरकपट्टीची, हक्काची जागा. पांढऱ्यात तिन्ही आकडे जवळजवळ सारखे, म्हणून घुमट जागचा हलत नाही आणि मागचं आकाश उतरत जातं. हात मात्र आवरता हवा. निळा फार खाली ओढला की आकाशात दाणे दिसायला लागतात आणि घुमटाच्या कडेला पांढरी रेघ उमटते. मे महिन्याच्या दुपारी, आकाश धुळीने पांढरटलेलं असताना, हाच स्लायडर कितीही ओढा, फारसा फरक पडत नाही, कारण ओढायला निळा रंगच नसतो. अशा दिवशी, किंवा झिरो माइलच्या दगडासारख्या फिक्या विषयावर, सरळ डीसॅच्युरेट केलं तरी चालतं.