कर्करोगोपचारानंतरचा थकवा (खानदेश)

केमोथेरपी, रेडिएशन किंवा मोठी शस्त्रक्रिया पार पडल्यावरही महिनोन्‌महिने, काहींना वर्षाहून अधिक काळ राहणारा अशक्तपणा. कष्टाचा थकवा झोपेने उतरतो; हा उतरत नाही आणि केलेल्या कामाच्या मानाने फारच जास्त असतो. उपचार आटोपून मुंबई-नाशिकहून जळगाव, धुळे, नंदुरबारकडे परतलेल्या रुग्णाला घरचे आणि शेजारचे एकच सांगतात, ‘आता नुसता आराम कर’. नडते ते हेच. पडून राहिल्याने स्नायू आणखी झडतात आणि चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते.

आधी कारण शोधावे, कारण काही कारणे औषधाने दूर होतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि थायरॉइडची टीएसएच या तपासण्या तालुक्याच्या गावीही होतात. मानेवर रेडिएशन झालेल्यांची थायरॉइड ग्रंथी वर्ष-दोन वर्षांनीही मंदावू शकते, म्हणून टीएसएच दर ६ ते १२ महिन्यांनी पाहतात. जठर पूर्ण काढलेल्याला बी-१२ची इंजेक्शने कायमची लागतात. धडगाव, अक्कलकुवा भागातील भिल्ल व पावरा समाजांत सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आढळतो. तिथे रक्त कमी दिसले म्हणून लगेच लोहाच्या गोळ्या सुरू करू नयेत, सिकलसेलची चाचणी झाली आहे का ते आधी पाहावे. डॉक्सोरुबिसिन हे हृदयाला इजा करू शकणारे केमोथेरपीचे औषध घेतलेल्या रुग्णाला चालताना धाप लागत असेल किंवा संध्याकाळी घोटे सुजत असतील, तर तो ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नये. आधी हृदयाचा इको, मग व्यायाम.

थकव्यावर सर्वात खात्रीचा उपाय चालणे हाच आहे. सुरुवात सपाट रस्त्यावर ५ ते १० मिनिटे, दिवसातून दोनदा. दर आठवड्याला २ ते ५ मिनिटे वाढवत आठवड्यातून किमान तीन दिवस, एका दमात ३० मिनिटे चालण्यापर्यंत यावे. फरक जाणवायला साधारण १२ आठवडे लागतात; बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच सोडून देतात. वेग असा असावा की बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही. सोबत आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, ८ ते १० वेळा, दोन फेऱ्या. आणि भिंतीला हात टेकून दंड. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल किंवा ताप १००.४ फॅ. किंवा जास्त असेल, तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. खरी फसगत होते ती ‘चांगल्या दिवशी’. अंगात जरा जीव आला की घर झाडणे, दळण, विहिरीवरची फेरी सगळे एकाच दिवशी उरकले जाते आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी थकवा नेहमीपेक्षा जास्त वाटला, तर आदल्या आठवड्याच्या मात्रेवर परत यावे.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा चालणे सकाळी सातच्या आत, नाहीतर घरातल्या घरात. पॅक्लिटॅक्सेल किंवा सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधांमुळे तळपाय बधिर झालेल्यांना तापलेली फरशी किंवा माती पोळते तेही कळत नाही. अनवाणी अंगणातही जाऊ नये, मागे पट्टा असलेली चप्पल वापरावी. रात्री स्लॅब तापलेला असल्याने झोप होत नाही आणि मग दुपारभर डोळा लागतो. दुपारची डुलकी तीनच्या आत, अर्ध्या तासावर नको.

आहारात पथ्याच्या नावाखाली नेमकी प्रथिनेच कापली जातात. ‘उडीद वातूळ’, ‘अंडे उष्ण’ म्हणत रुग्णाला साबुदाणा, पेज आणि केळ्यावर ठेवले जाते. केळीच्या मुलखात हे सांगणे थोडे अवघड, पण एका केळ्यात प्रथिने जेमतेम १ ग्रॅम. गरज रोज किलोमागे १ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या माणसाला ५५ ते ८० ग्रॅमची. मूत्रपिंड बिघडलेले असेल तर हे प्रमाण डॉक्टर ठरवतील. इथे कळण्याची भाकरी कामाची आहे. तीन भाग ज्वारीत एक भाग अख्खे उडीद दळले, तर ७० ग्रॅम पिठाच्या भाकरीतून सुमारे ९ ग्रॅम प्रथिने मिळतात, नुसत्या ज्वारीच्या भाकरीतून ७. ज्वारीत कमी असलेले लायसिन, म्हणजे प्रथिनांतला एक आवश्यक घटक, उडीद भरून काढतो. तोंड आलेले असेल तर ठेच्याऐवजी भाकरी घट्ट वरणात कुस्करून द्यावी. केळे द्यायचेच तर दुधात घोटून, वर दोन चमचे शेंगदाण्याचे बारीक कूट घालून. गिळताना ठसका लागत असेल तर कूट नको.

तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग इकडे नेहमीचा. त्यात रेडिएशननंतर जबडा आखडतो. स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जात नसतील, तर आइस्क्रीमच्या चपट्या काड्यांची चळत दातांमध्ये धरून, दिवसातून अनेकदा, हळूहळू एकेक काडी वाढवतात. दात काढायचा असेल तर रेडिएशन झाल्याचे दंतवैद्याला आधी सांगावे. जबड्याचे हाड सडण्याचा धोका असतो.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेल्या बाईने कापूस वेचायला जाऊच नये असे नाही. मात्र बोंडाची वाळलेली टोके बोटे ओरबाडतात आणि त्या बारीक ओरखड्यातून जंतू शिरून हात सुजतो. जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, आणि कापसाची झोळी शस्त्रक्रियेच्या बाजूच्या खांद्यावर न अडकवता कमरेला. हात लाल, गरम झाला तर त्याच दिवशी दवाखाना.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर तीही उपचाराची बाब आहे. १४४१६ या टेलि-मानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर मराठीत बोलता येते. फेरतपासणीला जाताना रात्रभर बसून प्रवास केला की आठवडाभरात कमावलेली ताकद जाते. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीत पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. रुग्णालयाचे विहित नमुन्यातले प्रमाणपत्र आरक्षण खिडकीवर दाखवावे लागते.