सीबीआरएस पट्ट्यात खासगी नेटवर्क: पात्रता, नोंदणी आणि लागणारी माहिती

अमेरिकेत शाळा, गोदाम किंवा कारखान्यासाठी स्वतःचे वायरलेस नेटवर्क उभारायचे झाल्यास लिलावात स्पेक्ट्रम विकत घ्यावाच लागतो असे नाही. ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झ हा पट्टा तेथील संघीय दळणवळण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, २०१५ मध्ये केलेल्या नियमांनुसार सामायिक वापरासाठी खुला झाला असून या व्यवस्थेला सिटिझन्स ब्रॉडबँड रेडिओ सर्व्हिस, थोडक्यात सीबीआरएस, म्हणतात. पट्ट्यावर पहिला हक्क नौदलाच्या रडारसारख्या जुन्या वापरकर्त्यांचा, दुसरा २०२० च्या लिलावातील प्राधान्य परवानाधारकांचा आणि तिसरा सर्वसाधारण वापरकर्त्यांचा आहे.

तिसऱ्या गटासाठी, परकीय सरकारांसारखे कायद्याने वगळलेले अर्जदार सोडल्यास, कोणतीही संस्था पात्र ठरते आणि तिला एफसीसीकडे वेगळ्या परवान्यासाठी अर्ज करावा लागत नाही. मात्र वरच्या दोन गटांना त्रास होऊ न देण्याचे बंधन तिच्यावर असते आणि स्वतःला होणाऱ्या व्यत्ययापासून संरक्षण मागता येत नाही. ही अट अर्जदाराने आरंभीच नीट समजून घ्यावी.

कॉग्निटिव्ह रेडिओ, म्हणजे आसपासच्या वापरानुसार आपली फ्रिक्वेन्सी बदलणारी यंत्रणा, म्हटले की उपकरण स्वतःच लहरींचा कानोसा घेत असेल, असा समज होतो. येथे ते काम किनाऱ्यालगतचे संवेदक करतात. रडारची चाहूल लागताच ते स्पेक्ट्रम वाटप प्रणालीला, म्हणजे एसएएसला, कळवतात आणि त्या भागातील उपकरणे ३०० सेकंदांच्या आत थांबवली गेल्याची किंवा दुसऱ्या मोकळ्या फ्रिक्वेन्सीवर हलवली गेल्याची खात्री एसएएसने करायची असते. एसएएस हा निर्णय नोंदणीतील माहितीवरूनच घेत असल्याने चुकीची नोंद ही केवळ कागदी चूक राहत नाही. त्यातून रडारला प्रत्यक्ष व्यत्यय येऊ शकतो.

म्हणून एफसीसी प्रमाणित उपकरण घेऊन एफसीसीने मान्यता दिलेल्या एखाद्या एसएएस चालकाकडे खाते उघडल्यावर सर्वाधिक वेळ मोजमापांना द्यावा. नोंदणीत उपकरणाचा एफसीसी ओळख क्रमांक, अनुक्रमांक, अँटेनाची जमिनीपासूनची उंची, उपकरण घरात आहे की बाहेर, वापरलेले रेडिओ तंत्रज्ञान आणि संपर्काचा तपशील द्यावा लागतो. स्थानाची नोंद आडव्या दिशेने ५० मीटर व उभ्या दिशेने ३ मीटरपर्यंत अचूक हवी. इमारतीचा पत्ता नकाशावर शोधून उंची अंदाजाने भरणे येथे चालणार नाही.

‘अ’ वर्गातील कमी शक्तीचे उपकरण स्वतःचे स्थान आपोआप ठरवू शकत असेल, तर व्यावसायिक बसवणी सक्तीची नसते. ‘ब’ वर्गातील उपकरण केवळ इमारतीबाहेर आणि प्रशिक्षित, परीक्षा उत्तीर्ण व प्रमाणित तंत्रज्ञाच्या जबाबदारीवरच बसवता येते. त्यासाठी अँटेनाचा गेन (एका दिशेने शक्ती एकवटण्याचे प्रमाण), झोताची रुंदी, दिशा आणि खाली झुकण्याचा कोन हेही नोंदवावे लागते.

एसएएसची मंजुरी येईपर्यंत प्रक्षेपण सुरू करता येत नाही. मंजुरीनंतरही थांबण्याचा आदेश आल्यास उपकरणाने ६० सेकंदांत थांबले पाहिजे, तसेच अँटेना हलवल्यास नवी माहिती एसएएसला कळवली पाहिजे.