कवटी वाचली, मेंदूचं काय?

२९ सप्टेंबर २०२२. सिनसिनाटीच्या मैदानावर मायामी डॉल्फिन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू, तुआ टागोवायलोआ याला प्रतिस्पर्ध्याने धरून गरकन फिरवलं आणि खाली आपटलं. डोक्याची मागची बाजू मैदानावर आदळली. हेल्मेट शाबूत, कवटी शाबूत. पण तुआचे दोन्ही हात चेहऱ्यासमोर अधांतरी राहिले आणि बोटं वेडीवाकडी होऊन ताठरली. मेंदूला जबर हिसका बसल्याची ही खूण डॉक्टर लांबूनही ओळखतात. चारच दिवस आधीच्या सामन्यात डोकं आपटल्यावर तो उठून चालताना धडपडला होता आणि तरीही उत्तरार्धात त्याला पुन्हा खेळवण्यात आलं होतं. त्यानंतर एनएफएलने, म्हणजे या खेळाच्या व्यावसायिक लीगने, नियम बदलला: मार लागल्यावर तोल गेलेला किंवा बोलणं अडखळू लागलेला खेळाडू त्या सामन्यात परत उतरू शकत नाही.

अमेरिकेतल्या या व्यावसायिक फुटबॉलमधलं हेल्मेट नीट पाहिलं, की ते कशासाठी घडलं हे लक्षात येतं. सुरुवातीला चामड्याच्या टोप्या होत्या. १९३९मध्ये रिडेल कंपनीने प्लास्टिकचं हेल्मेट आणलं आणि १९४३पासून एनएफएलमध्ये हेल्मेट सक्तीचं झालं. पण खेळातले मृत्यू थांबेनात. १९६८ या एका वर्षात शाळा, कॉलेज आणि व्यावसायिक असे सगळे स्तर धरून मैदानावरच्या माराने थेट ३६ जण दगावले. त्यानंतर हेल्मेटसाठी पहिलं मानक ठरलं, १९७३मध्ये. पुतळ्याच्या डोक्यावर हेल्मेट चढवायचं, ठरावीक उंचीवरून कडक रबरावर सोडायचं आणि डोकं किती झटक्यात थांबतं ते आतल्या संवेदकाने मोजायचं. झटका ठरलेल्या मर्यादेच्या आत राहिला तर हेल्मेट पास. कवटी फुटू नये, मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ नये, ही त्यामागची अपेक्षा. ती बऱ्याच अंशी पूर्ण झाली. १९९०मध्ये अशा थेट मृत्यूंची संख्या शून्यावर आली.

याला केवळ हेल्मेट कारणीभूत नव्हतं, हे मुद्दाम सांगायला हवं. टणक कवच आणि तोंडापुढची जाळी मिळाल्यावर खेळाडू डोकं पुढे करून भाल्यासारखे घुसू लागले होते. मानेचे मणके मोडून तरुण पोरं मानेखाली कायमची लुळी पडत होती. १९७६मध्ये शाळा-कॉलेजांच्या खेळात डोक्याने अशी धडक मारण्यावर बंदी आली. त्या वर्षी असं लुळं पडण्याची ३४ प्रकरणं होती, १९८४मध्ये ५ उरली. कोणतंही नवं उपकरण न आणता, एका नियमाने.

आपलं दुचाकीचं हेल्मेट आणि हे हेल्मेट यांत मूळचाच फरक आहे. दुचाकीच्या हेल्मेटमध्ये आत थर्माकोलसारखा थर असतो. अपघातात तो चेपतो, चेपताना धडकेची ऊर्जा खातो आणि तिथेच त्याचं काम संपतं. म्हणून एकदा आपटलेलं हेल्मेट टाकून द्यावं लागतं. फुटबॉलच्या हेल्मेटला अशी चैन नाही. एका दुपारी ते पन्नास वेळा आदळू शकतं आणि प्रत्येक वेळी आतल्या गाद्यांना पुन्हा मूळ आकारात यावं लागतं. त्यामुळे त्या फार मऊ करता येत नाहीत, आणि डोकं व कवच यांच्यात जागा मिळते ती जेमतेम काही सेंटिमीटर. धडक मिलिसेकंदांत संपते. तेवढ्या वेळात आणि तेवढ्या जागेत डोकं जरा सावकाश थांबवणं, एवढंच त्या गादीच्या हातात असतं.

आणि मेंदू? तो कवटीच्या आत द्रवात असतो, त्याच्यापर्यंत कोणतीही गादी पोचत नाही. १९४३मध्ये ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबर्न यांनी जिलेटिनचा मेंदू करून त्यातले ताण तपासले. त्यांचं म्हणणं समजायला ताटलीतला खरवस डोळ्यांपुढे आणा. वरून सारखा दाब दिला तर त्याचं आकारमान कमी होत नाही. पण ताटली झटकन फिरवली, की आतल्या आत तो थरथरतो आणि चिरतो. मेंदूचंही तसंच. सरळ रेषेतल्या धडकेपेक्षा डोकं गरकन फिरणं त्याला जास्त घातक. जुनी चाचणी मात्र अनेक दशकं सरळ झटकाच मोजत राहिली. हेल्मेटला गुण देताना फिरणंही मोजणाऱ्या चाचण्या आल्या त्या गेल्या काही वर्षांत.

मेंदू असा पिळला जातो तेव्हा चेतातंतू ताणले जातात. या तंतूंच्या आत बारीक नळ्यांचा सांगाडा असतो आणि टाऊ नावाचं प्रथिन त्याला धरून ठेवतं. वारंवार मार बसला की टाऊ सुटतं, विकृत होतं आणि त्याच्या गुठळ्या साचतात, त्याही ठरावीक ठिकाणी: मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, लहान रक्तवाहिन्यांभोवती. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातल्या संशोधकांनी २०१७मध्ये संगणकावर धडकांचं गणित मांडलं, तेव्हा सर्वांत जास्त ताण नेमका या घड्यांच्या तळाशीच पडताना दिसला. या रोगाचं नाव क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, म्हणजे सीटीई.

फुटबॉलमध्ये तो सापडला एका शवागारात. पिट्सबर्ग स्टीलर्सचा माइक वेब्स्टर चार सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकलेला खेळाडू. निवृत्तीनंतर त्याची स्मृती गेली, घर सुटलं, काही काळ तो गाडीत राहिला. २००२मध्ये पन्नासाव्या वर्षी तो वारला. शवविच्छेदन करणारे डॉ. बेनेट ओमालू मूळचे नायजेरियाचे. मेंदू बाहेर काढल्यावर तो त्यांना अगदी नेहमीसारखा दिसला. ना आकसलेला, ना जखमी. दुसऱ्या कोणी तिथेच प्रकरण संपवलं असतं. ओमालूंनी तो मेंदू जतन केला, पातळ काप करून घेतले, त्यांना रंग दिला. सूक्ष्मदर्शकाखाली टाऊचे तपकिरी डाग दिसले. २००५मध्ये त्यांनी निबंध छापला, तेव्हा एनएफएलच्या मेंदू-दुखापत समितीच्या डॉक्टरांनी तो मागे घ्या अशी मागणी केली. त्या समितीचे प्रमुख अनेक वर्षं सांधेदुखीचे तज्ज्ञ होते. खेळाडूंच्या मेंदूचा निवाडा अशा हातांत सोपवला गेला, याचा मला आजही संताप येतो. फुटबॉल आणि सीटीई यांचा संबंध आहे, हे लीगच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीरपणे मान्य केलं ते २०१६मध्ये.

बॉस्टन विद्यापीठातल्या डॉ. अ‍ॅन मकी यांच्या गटाने २०१७मध्ये एनएफएलच्या १११ दिवंगत खेळाडूंचे मेंदू तपासल्याचं जाहीर केलं. ११०मध्ये सीटीई होता. हा आकडा वाचून दर शंभरातल्या नव्याण्णव खेळाडूंना हा रोग होतो असं समजू नये. ज्यांच्यात लक्षणं दिसत होती त्यांच्याच घरच्यांनी बहुतेक करून मेंदू दान केले होते. खरं प्रमाण कळायला जिवंतपणी निदान व्हायला हवं आणि आजही खात्रीचं निदान मृत्यूनंतरच होतं.

त्याच गटाच्या संशोधकांनी २०२३मध्ये ६३१ मेंदूंचा अभ्यास छापला आणि माझ्या मते ती या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. किती वेळा कन्कशन झालं, म्हणजे धक्क्याने मेंदूचं काम तात्पुरतं बिघडलं, यावरून सीटीईचा अंदाज बांधता येत नव्हता. बांधता येत होता तो आयुष्यभर डोक्याने सोसलेल्या एकूण जोरावरून. म्हणजे ज्या धडकांनंतर खेळाडूला भोवळ येत नाही, कोणी डॉक्टर धावत येत नाही, अशा हजारो छोट्या धडकाही जमा होत जातात.

हे लक्षात घेतलं की लीगचे आकडे वेगळ्या नजरेने वाचावे लागतात. २०२४च्या हंगामात १८२ कन्कशन नोंदवली गेली, २०१५मध्ये २७५ होती. घट खरी आहे, चांगली आहे. जास्त टकरा घेणाऱ्या खेळाडूंना सराव शिबिरात हेल्मेटवर मऊ टोपी घालण्याचा नियम आला आहे. क्वार्टरबॅकसाठी मागची बाजू अधिक भरलेली हेल्मेटं निघाली आहेत. सगळं स्वागतार्ह. पण ही मोजणी कन्कशनची आहे, एकूण जोराची नाही. 'आमच्या हेल्मेटने कन्कशन ३१ टक्क्यांनी कमी होतात' या रिडेलच्या दाव्याला पुरेसा आधार नाही, असं अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१३मध्ये सांगितलं होतं.

धडकाच कमी करणं हा रस्ता मात्र खात्रीचा आहे आणि तो स्वस्तही आहे. २०११च्या करारानुसार एनएफएलमध्ये हंगामातले पूर्ण धडकांचे सराव १४वर आले. डार्टमथ कॉलेजच्या संघाने २०१०पासून सरावात आपल्याच खेळाडूंना पाडणं बंद केलं; मुलं गाद्यांवर आणि नंतर पळत्या यंत्रपुतळ्यावर टॅकल करायला शिकली. संघ जिंकतही राहिला.

फुटबॉल खेळलेल्या २६६ जणांच्या मेंदूंवरून २०१९मध्ये काढलेला हिशोब सांगतो, की खेळाची दर २.६ वर्षं सीटीईची शक्यता दुप्पट करतात. ही वर्षं एनएफएलच्या करारापासून मोजायची नसतात. शाळेत पहिल्यांदा हेल्मेट चढवलं त्या हंगामापासून ती सुरू होतात. म्हणून लहान मुलांनी फ्लॅग फुटबॉल खेळावं असं बरेच डॉक्टर सांगतात. त्यात कमरेला लटकणारी पट्टी ओढली की खेळाडू थांबला. पाडापाडी नाही, टणक हेल्मेटही नाही. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये फुटबॉलचा हाच प्रकार असेल आणि त्यात उतरण्याची परवानगी एनएफएलने आपल्या खेळाडूंनाही दिली आहे.