एनएस-३

संगणक-जाल प्रत्यक्ष न उभारता त्यातील पॅकेटांचा, म्हणजे माहितीच्या तुकड्यांचा, प्रवास एकाच संगणकाच्या आत घडवून पाहण्यासाठी वापरले जाणारे मुक्त सॉफ्टवेअर. नावातील ‘एनएस’ ही अक्षरे ‘नेटवर्क सिम्युलेटर’ या शब्दांची आहेत. ते सी प्लस प्लस भाषेत लिहिलेले असून जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मोफत मिळते. नवा प्रोटोकॉल (संगणकांमधील संवादाचे नियम) सुचवणारे संशोधक, वाय-फाय किंवा मोबाइल जालांचा अभ्यास करणारे विद्यार्थी आणि प्रयोगशाळेत पन्नास राउटर विकत घेणे शक्य नसलेली महाविद्यालये हा त्याचा मुख्य वापरकर्ता वर्ग होय. सिस्को कंपनीचे पॅकेट ट्रेसर किंवा जीएनएस-३ यांच्याशी त्याची गल्लत केली जाते, पण त्यांचे काम निराळे आहे. पॅकेट ट्रेसर कंपनीच्या उपकरणांचा सराव करून घेते, जीएनएस-३ राउटरचे खरे सॉफ्टवेअरच आभासी यंत्रावर चालवते, तर एनएस-३ मध्ये उपकरण असे काही नसतेच. असतात त्या फक्त नोड (जालातील संगणक किंवा राउटर), दुवा आणि प्रोटोकॉल यांच्या प्रतिकृती.

कुळ : श्रीनिवासन केशव यांच्या १९८९ मधील ‘रिअल’ या सिम्युलेटरपासून ही परंपरा सुरू होते. नव्वदच्या दशकात अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत तिच्यातून एनएसची पहिली आवृत्ती घडली आणि पुढे दुसरी आली. एनएस-२ मध्ये गाभा सी प्लस प्लसचा आणि प्रयोगाची मांडणी ओटीसीएल या, टीसीएलवर आधारलेल्या, स्क्रिप्ट भाषेत, अशी विभागणी होती. टॉम हेंडरसन, जॉर्ज रायली, सॅली फ्लॉइड आणि सुमित रॉय यांचा सहभाग असलेला एनएस-३ प्रकल्प २००६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने सुरू झाला, त्याला फ्रान्सच्या इन्रिया संस्थेची साथ मिळाली आणि पहिली आवृत्ती २००८ मध्ये बाहेर पडली. नावातला आकडा पाहून हे एनएस-२ चे सुधारित रूप असावे असे वाटते, परंतु ते नव्याने लिहिलेले स्वतंत्र सॉफ्टवेअर आहे आणि जुन्या टीसीएल स्क्रिप्ट त्यावर चालत नाहीत. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत बरीच वर्षे एनएस-२ वर प्रात्यक्षिके झाली असल्यामुळे ज्येष्ठांची जुनी जर्नल घेऊन एनएस-३ कडे वळणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली निराशा बहुधा इथेच होते. भारतातून या प्रकल्पात भर घालणाऱ्यांत कर्नाटकातील सुरतकलच्या एनआयटी या अभियांत्रिकी संस्थेचे नाव ठळक आहे. एनएस-३ ची वार्षिक कार्यशाळा २०१८ मध्ये तिथेच भरली होती.

कार्यपद्धती : एनएस-३ हे घटनांच्या यादीवर चालते. ‘अमुक क्षणी पॅकेट निघाले’, ‘तमुक क्षणी पोहोचले’ अशा घटना वेळेच्या क्रमाने रांगेत असतात. एक घटना पार पडली की आतले घड्याळ मधला रिकामा काळ ओलांडून थेट पुढच्या घटनेच्या वेळेवर उडी मारते. म्हणून दोन नोडांच्या जालातील दहा सेकंद डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपतात आणि शेकडो वाय-फाय नोडांच्या एका मिनिटाला कित्येक तास लागू शकतात. पडद्यावरचा वेळ आणि भिंतीवरचा वेळ यांचा संबंध नाही, ही गोष्ट पहिल्या दिवशीच मनात पक्की केलेली बरी.

सुरुवात : लिनक्स ही या सॉफ्टवेअरची नैसर्गिक भूमी आहे. विंडोज वापरणाऱ्याने डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) किंवा आभासी यंत्र घ्यावे. स्रोत-संकेत उतरवून घेतल्यावर ‘कॉन्फिगर’, ‘बिल्ड’ आणि ‘रन’ असे तीन टप्पे येतात. (आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टंकाव्या लागतात, येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.) ३.३५ आवृत्तीपर्यंत हे काम ‘वॅफ’ नावाच्या साधनाने होत असे. २०२२ मधील ३.३६ पासून त्याच्या जागी सीमेक हे साधन आले आणि आज्ञा ‘एनएस३’ या नावाने द्यावी लागू लागली. इंटरनेटवरच्या मार्गदर्शनाचा मोठा भाग वॅफच्या काळातला असल्याने ‘आज्ञा सापडत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा एवढेच असते. ‘बिल्ड’च्या मध्यात संगणक गोठला, तर दोष सहसा स्मृतीच्या टंचाईचा असतो, कारण प्रोसेसरचे सर्व गाभे एकाच वेळी कंपाइल करू लागतात. एकाच वेळी दोनच कामे चालवण्याची मर्यादा घातली की वेळ वाढतो, पण काम तडीस जाते. ‘सुडो’ लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवण्याचा मोह टाळावा. नव्या आवृत्त्या तशी आज्ञा नाकारतात आणि जुन्यांत फायलींची मालकी बदलून पुढे निष्कारण डोकेदुखी होते.

पहिला कार्यक्रम म्हणून शिकवणीतील ‘फर्स्ट’ हे उदाहरण चालवण्याचा प्रघात आहे. कॉन्फिगर करताना उदाहरणे चालू करण्याचा पर्याय दिला नसेल, तर ते सापडतच नाही. या उदाहरणात १०.१.१.१ आणि १०.१.१.२ असे दोन नोड सेकंदाला ५० लाख बिट वाहणाऱ्या आणि २ मिलिसेकंद विलंब असलेल्या दुव्याने जोडलेले असतात. दुसऱ्या सेकंदाला पहिला नोड १०२४ बाइटांचे पॅकेट पाठवतो आणि ते २.००३६९ व्या सेकंदाला पोहोचल्याची ओळ पडद्यावर उमटते. हा आकडा बहुतेक जण वाचून सोडून देतात, पण तो कागदावर पडताळून पाहण्यासारखा आहे. १०२४ मध्ये पॅकेटावर चढणाऱ्या शीर्षांचे, म्हणजे यूडीपीचे ८, आयपीचे २० आणि पीपीपीचे २ बाइट मिळवले की १०५४ बाइट, म्हणजेच ८४३२ बिट होतात. ते दुव्यावर चढवायला १.६८६४ मिलिसेकंद लागतात. त्यात विलंबाचे २ मिळवले की ३.६८६४ मिलिसेकंद, आणि पाच दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित केल्यावर नेमका पडद्यावरचाच आकडा मिळतो. परतीच्या प्रवासालाही तेवढाच वेळ लागून उत्तर २.००७३७ व्या सेकंदाला पोहोचते. हे गणित जुळले की सिम्युलेटर काय मोजतो आणि काय मोजत नाही हे दोन्ही कळते. उदाहरणार्थ, नोडच्या प्रोसेसरला पॅकेट हाताळायला लागणारा वेळ यात कुठेही आलेला नाही, कारण तो मुळात शून्यच धरलेला असतो.

दोषनिवारण : कार्यक्रम कोसळणे हा त्यातल्या त्यात सुखाचा दोष होय, कारण तो लपत नाही. ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ आल्यास जीडीबी या साधनातून कार्यक्रम चालवून तो कोणत्या ओळीवर पडला ते पाहता येते. कारण बहुधा एखादी वस्तू न घडवताच तिचा पॉइंटर वापरलेला असतो. गुणधर्माचे नाव अवतरणचिन्हांत लिहावे लागत असल्यामुळे स्पेलिंगची चूक कंपाइलरच्या नजरेतून सुटते आणि कार्यक्रम चालू झाल्यावरच ‘असा गुणधर्म अस्तित्वात नाही’ असा संदेश येतो. कार्यक्रम संपतच नसेल, तर वाय-फायच्या बीकनसारख्या (अॅक्सेस पॉइंटने ठरावीक काळाने दिलेली हाक) पुन्हापुन्हा येणाऱ्या घटना रांग रिकामी होऊ देत नाहीत असे समजावे. ‘स्टॉप’ची वेळ ‘रन’च्या आधी लिहिणे हा त्यावरचा उपाय.

खरा त्रास देतो तो न कोसळता चुकीचे उत्तर देणारा कार्यक्रम. शेजारच्या नोडपर्यंत पॅकेट जाते, पण त्यापलीकडे जात नाही, अशा वेळी मार्गांचे तक्ते भरणारी ‘पॉप्युलेट रूटिंग टेबल्स’ ही ओळ राहून गेलेली असते, किंवा दुसऱ्या दुव्याला नवा पत्ता-पट्टा न दिल्यामुळे दोन्ही दुवे १०.१.१ मध्येच अडकलेले असतात. इथरनेटसारख्या सामायिक जालात सुरुवातीची काही पॅकेटे गळाली, तर एआरपी या पत्ता शोधणाऱ्या प्रोटोकॉलकडे पाहावे : शेजाऱ्याचा हार्डवेअर पत्ता कळेपर्यंत त्याच्या नावाची तीनच पॅकेटे थांबवून ठेवली जातात, बाकीची टाकून दिली जातात. वाय-फायमध्ये नोड अॅक्सेस पॉइंटशी जोडला जाण्याआधीच अॅप्लिकेशन सुरू केल्यासही असाच तोटा होतो. टीसीपीचा वेग अपेक्षेपेक्षा कमी भरला, तर सेगमेंटचा (टीसीपी एका वेळी पाठवतो त्या तुकड्याचा) आकार तपासावा, कारण तो सांगितल्याविना ५३६ बाइट धरला जातो आणि प्रत्येकाच्या मनात मात्र इथरनेटवर नेहमी दिसणारे १४६० असतात.

अशा शोधात दोन साधने उपयोगी पडतात. ‘एनएस लॉग’ हा पर्यावरण-चल एखाद्या घटकासाठी चालू केला की त्या घटकातील प्रत्येक फंक्शनची हालचाल वेळेसह छापली जाते. सगळेच घटक एकदम चालू केले, तर पडद्यावर पूर येतो आणि हाती काही लागत नाही. दुसरे साधन म्हणजे पॅकेटांची नोंद ठेवणारी पीकॅप फाइल : ती वायरशार्क या पॅकेट पाहण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की खऱ्या जालातल्यासारखी पॅकेटे दिसतात आणि ‘पाठवले’ व ‘पोहोचले’ यांतला वाद संपतो. ‘ऑप्टिमाइज्ड’ (वेगासाठी केलेल्या) बांधणीत लॉग आणि अंतर्गत तपासण्या दोन्ही बंद होतात, त्यामुळे ‘लॉग दिसत नाही’ म्हणणाऱ्याने आधी आपली बांधणी कोणती आहे ते पाहावे. जालाची हालचाल चित्ररूपाने दाखवणाऱ्या नेटॲनिममध्ये नोड भलतीकडेच दिसू लागल्यास त्यांना स्थान दिलेले नसते, इतकेच.

यादृच्छिकतेबाबत एक गैरसमज टिकून आहे. एमआरजी३२के३ए या यादृच्छिक संख्यांच्या जनकाचे बीज (सुरुवातीचा आकडा) आणि ‘रन’ क्रमांक ठरलेले असल्यामुळे तोच कार्यक्रम दहा वेळा चालवला, तरी दहाही वेळा दशांशापर्यंत तेच उत्तर येते. ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे, कारण तिच्यामुळे सापडलेला दोष पुन्हा हवा तेव्हा उभा करता येतो. परंतु या दहा सारख्या उत्तरांची सरासरी काढून ‘निष्कर्ष स्थिर आहेत’ असे प्रकल्प-अहवालात लिहिण्याला काही अर्थ नसतो. बीज तेच ठेवून ‘आरएनजी रन’ची, म्हणजे त्या ‘रन’ क्रमांकाची, किंमत १, २, ३ अशी बदलत गेले, तरच स्वतंत्र नमुने मिळतात आणि आलेखावरील बिंदूंना विश्वास-अंतराची रेघ काढता येते.